हद्दीपलीकडचं माहेर

दिव्याच्या आमच्या घराला पश्चिमेकडे एक खिडकी आहे. पूर्वी तिच्यातून खाडीची चमक, खारफुटीचा हिरवा पट्टा आणि त्यामागे पारसिकचा डोंगर असं सगळं दिसायचं. आता मधे इमारतींचं रान माजलं आहे. तरी दोन गच्च्यांच्या फटीतून डोंगराची एक कड अजून दिसते आणि सूर्य तिच्याच मागे मावळतो. वडील गेल्यावर १९९८ साली आई गावाहून माझ्याकडे राहायला आली, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी ती त्या खिडकीत उभी राहिली. बराच वेळ डोंगराकडे बघत होती. मग तिनं विचारलं, ‘‘ह्यो डोंगर खंयच्या राज्यातलो रे?’’

मला हसू आलं. म्हटलं, ‘‘अगं, महाराष्ट्रातलाच. त्याच्या अलीकडे मुंब्रा, पलीकडे कळवा. वर मुंब्रादेवी बसली आहे. वेगळं राज्य कुठून येणार?’’

ती काही बोलली नाही. तिचा प्रश्न वेड्यासारखा नव्हता, हे समजायला मला बरीच वर्षं लागली. जिच्या माहेरावर आणि सासरावर एकाच डोंगराची सावली पडत होती, आणि तरीही ती दोन गावं दोन वेगवेगळ्या देशांत होती, अशा बाईनं डोंगर दिसल्यावर दुसरं काय विचारावं?

आणि गंमत म्हणजे पारसिकच्या बाबतीतसुद्धा ती अगदीच चुकली नव्हती. निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा मी थोडंफार वाचत गेलो. १५३४ साली वसईच्या तहानं हा मुलूख पोर्तुगीजांच्या हाती गेला. ठाण्यासह साष्टी बेट त्यांचं झालं. पारसिकच्या पश्चिमेला जी खाडी आहे, तिच्या त्या काठावर लिस्बनच्या राजाचा अंमल आणि या काठावर कल्याण प्रांत, जो कधी मोगलांचा, कधी मराठ्यांचा. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण घेतलं, तेव्हा स्वराज्याची कड या खाडीला येऊन टेकली. १७३७ साली चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणं जिंकलं आणि हद्द पुसली गेली. ती पुन्हा उमटली १७७४ साली, इंग्रजांनी ठाणं घेतल्यावर. १७८२ च्या सालबाईच्या तहानं साष्टी त्यांच्याकडेच राहिली आणि १८१८ मध्ये पेशवाई बुडेपर्यंत ही खाडी दोन सत्तांमधली सीमा होती. आज त्या हद्दीवरून रोज लाखो माणसं दाराला लोंबकळत ये-जा करतात. डोंगराच्या पोटातला पारसिक बोगदा १९१६ साली पूर्ण झाला. सव्वा किलोमीटरहून थोडा लांब. त्यातून जाताना कुणाच्या मनातही येत नाही की आपण एकेकाळची सरहद्द ओलांडतो आहोत.

सरहद्दींचं हे असंच असतं. असतात तेव्हा देवानंच आखल्यासारख्या वाटतात आणि गेल्या की सापडत नाहीत.

*

दिव्याचं आणि आमच्या गावाचं एक नातं रेल्वेनं जुळवून दिलं आहे. दिवा–सावंतवाडी गाडी. पूर्वी पॅसेंजर होती, आता तिला एक्स्प्रेस म्हणतात. गणपतीतल्या गर्दीत मात्र तिला नाव कुठलंही दिलं तरी फरक पडत नाही. सकाळी दिव्याहून सुटते, पनवेल, पेण, रोहे करत कोकणात उतरते आणि डावीकडे सह्याद्री तिची सोबत धरतो तो शेवटपर्यंत. माझ्यासारखी माणसं मुद्दाम डावीकडची खिडकी धरतात.

सह्याद्रीची रांग तापीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीपर्यंत साधारण सोळाशे किलोमीटर पसरली आहे. आपल्या मनातला सह्याद्री म्हणजे काळा कातळ आणि पायऱ्या पायऱ्यांचे कडे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले, त्यांचा हा कातळ. आमचा पारसिकसुद्धा त्याच काळ्या दगडाचा. पण गाडी सिंधुदुर्गात शिरते, आंबोलीचा घाट मागे पडतो आणि तिथून पुढे डोंगर आपला पोत बदलतो. लाव्ह्याचं राज्य या भागात, बेळगावच्या आसपास, संपत जातं. खालचे त्याहून कितीतरी जुने खडक उघडे पडतात. डोंगरमाथे गोलसर होतात, माती लाल होते, वर जांभ्याची सडे पसरलेली दिसतात. गोव्याचं लोखंड याच जुन्या खडकांतलं. म्हणजे निसर्गाला इथे एक सीमा आखायची होती आणि ती त्यानं आखलीही. पण ती माणसांच्या सीमेशी कुठेच जुळत नाही.

माणसांची सीमा कशी झाली, ते सांगतो. जुना गोवा, म्हणजे तिसवाडी, बारदेश आणि तिकडची साष्टी, हा समुद्राकाठचा टापू पोर्तुगीजांकडे सोळाव्या शतकापासून. (साष्टी तिकडेही आहे. दोन्ही साष्ट्यांच्या नशिबी एकच धनी आला.) डोंगराच्या पायथ्याचा मुलूख मात्र फार उशिरा त्यांच्याकडे गेला. फोंडा सोंद्याच्या राजाचा होता, तर डिचोली, सत्तरी आणि पेडणे सावंतवाडीकरांचे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे एकेक करत पोर्तुगीजांच्या हाती गेले. पेडणे अगदी शेवटी, १७८८ साली. या भागाला ते ‘नव्या काबिजादी’ म्हणत. म्हणजे दिल्लीत मोगल आणि पुण्यात नाना फडणवीस असताना तह, कर्ज आणि लढायांमधून जी रेघ पडली, ती पुढे पावणेदोनशे वर्षं दोन देशांमधली सरहद्द म्हणून राहिली.

ही रेघ नकाशावर बघितली तर डोंगराच्या माथ्यामाथ्यानं गेल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात तसं नाही. तेरेखोलची नदी ही सीमा, पण तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तरेला असून गोव्याचा. सुर्ला हे गाव घाटमाथ्यावर, पण गोव्याचं. उलट आमचं विर्डी घाटाखाली, तिथलं सगळं पाणी गोव्याकडे वाहणारं, पण गाव सावंतवाडीचं. म्हादई नदी उगम पावते कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात आणि मांडवी होऊन पणजीपाशी समुद्राला मिळते. तिळारीचं पाणी महाराष्ट्रातून खाली येतं आणि गोव्यात शापोरा होतं. चोर्ल्याच्या पठारावर गोवा, महाराष्ट्र आणि कर्नाटक ही तिन्ही राज्यं एकमेकांना खेटून आहेत. तिथे गुराख्यानं हाकारा केला तर तो तीन राज्यांत ऐकू जातो.

राज्यकर्त्यांना डोंगर भिंतीसारखा वाटतो. डोंगरातल्या माणसाला तो घर वाटतो. युरोपात पिरेनीज पर्वतावर फ्रान्स आणि स्पेन यांनी १६५९ साली तह करून सीमा ठरवली. पण त्याच पर्वतातल्या दोन खोऱ्यांमध्ये १३७५ सालापासून एक करार चालू आहे. दर वर्षी १३ जुलैला फ्रान्सच्या बाजूचे लोक खिंडीत येऊन स्पेनच्या बाजूच्या लोकांना तीन गाई देतात आणि त्या बदल्यात कुरणाचा, पाण्याचा हक्क मिळवतात. राजे आले, गेले. गाई चालूच आहेत. आमच्याकडे असा लेखी करार नव्हता. पण विर्डीची गुरं केरीच्या रानात आणि केरीची विर्डीच्या रानात चरायची. शिवेवरच्या राखणदाराला नारळ दोन्ही गावांचे ठेवलेले असत. तो कुणाच्या देशातला, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

*

माझ्या आईचं माहेर केरी. सत्तरीतलं, चोर्ला घाटाच्या पायथ्याचं. पेडण्याला समुद्रावर आहे ते केरी वेगळं. सासर विर्डीच्या बाजूचं. मधली पायवाट दीड-दोन तासांची. १९५३ साली लग्न झालं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. वऱ्हाड चालत आलं आणि चालत परत गेलं. वाटेत पाखल्यांची चौकी होती, तिथे शिपायाला दोन लाडू दिले की झालं. माहेर आणि सासर दोन देशांत आहे, हे तिला ठाऊक होतं. पण ते जसं आपल्याला पृथ्वी फिरते हे ठाऊक असतं, तसं.

तसं पाहिलं तर या वाटांनी दोनशे वर्षं सरकारांना फारशी दाद दिली नव्हती. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी तह केला, त्यात गोव्याच्या मिठाचा मक्ता इंग्रजांनी आपल्याकडे घेतला, तेव्हा घाटवाटांनी चोरून मीठ चढू लागलं. त्याच तहातून मुरगावची रेल्वे निघाली आणि १८८८ साली कॅसलरॉकचा घाट चढून ब्रिटिश हद्दीत आली. दुधसागरच्या तीनशे मीटरच्या धबधब्यासमोरून जाणारी ही वाट. वर कॅसलरॉकला इंग्रजांचं ठाणं, खाली कुळ्याला पोर्तुगीजांचं. सत्तरीच्या राण्यांनी फिरंग्यांविरुद्ध पुनःपुन्हा बंड केलं. १८५२ साली दीपाजी राणे नाणूसच्या किल्ल्यावरून उठले, १८९५ मध्ये पुन्हा उठाव झाला, १९१२ मध्ये पुन्हा. प्रत्येक वेळी डोंगरानं त्यांना पाठीशी घातलं. त्याच्याही आधी, १६७६ मध्ये, शिवाजी महाराजांनी चंदगडच्या कड्यावर पारगड बांधला तो या घाटवाटांवर आणि गोव्यावर नजर ठेवायलाच.

पण १९५४ नंतर दिवस बदलले. गोव्याच्या मुक्तीचा लढा पेटला. भारत सरकारनं गोव्याची आर्थिक कोंडी केली, ये-जा करायला परवाने आले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशभरातून आलेले सत्याग्रही निःशस्त्र गोव्यात शिरले आणि सालाझारच्या पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या चालवल्या. वीसहून अधिक माणसं पडली. बांद्याजवळ पत्रादेवीला पंजाबचा कर्नैलसिंग पडला. त्यानंतर रेल्वे बंद झाली, पणजीतली भारताची वकिलात बंद झाली आणि सीमा आवळली गेली. गोव्यात बटाटे हॉलंडहून, तांदूळ पाकिस्तानातून, चहा सिलोनहून येऊ लागला. केरीहून विर्डीला लेक मात्र येऊ-जाऊ शकेना.

चोरवाटा होत्या. पुरुषमाणसं जात असत. पण दोन्ही बाजूंनी गस्ती, हेर असल्याचा संशय, पकडल्यावर मार. माझ्या आजोबांनी, म्हणजे आईच्या सासऱ्यांनी, स्पष्ट सांगितलं होतं : सुनेला या वाटेनं पाठवणार नाही. त्यांचंही चूक नव्हतं.

१९५७ च्या श्रावणात आईचे वडील गेले. निरोप आला तो नवव्या दिवशी. गुरं शोधत आलेल्या एका धनगरानं अंगणाबाहेर उभं राहून सांगितला. सासरी गेलेल्या मुलीला सुतक तीनच दिवसांचं. ते कधीच सरलं होतं. आता रडायचं तरी कुठल्या दिवशी, असं तिला झालं.

हे तिनं मला सांगितलं ते थेट दिव्याच्या घरात, २००५ च्या पावसात. बाहेर सगळीकडे पाणी भरलं होतं, वीज नव्हती. म्हणाली, त्या दिवशी ती नदीवर गेली. नदी म्हणजे आमचा ओहोळच, पण श्रावणात त्याला जोर असतो. तेच पाणी पुढे वाळवंटी होऊन केरीवरून, साखळीच्या विठ्ठलमंदिराशेजारून जातं. तिनं डोक्यावरून आंघोळ केली आणि अंगणातली ओंजळभर अबोलीची फुलं पाण्यात सोडली. ‘‘तासाभरात पोचली असतील,’’ ती म्हणाली. ‘‘पाण्याला परवानगी लागत नव्हती.’’

पन्नास वर्षं तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. वडिलांनासुद्धा नाही.

१८ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्य गोव्यात शिरलं. एक फळी सावंतवाडीच्या बाजूनं उतरली, दुसरी अनमोडच्या घाटातून मोलेकडे. १९ तारखेला सगळं संपलं होतं. आमच्या विर्डीच्या बाजूला म्हणे त्या रात्री कुणी झोपलंच नाही. साडेचारशे वर्षांची सत्ता दीड दिवसात गेली. माघ महिन्यात आई मला कडेवर घेऊन माहेरी निघाली. मी तेव्हा दीड वर्षाचा. सहा वर्षांनी ती त्या वाटेवर पाऊल टाकत होती. चौकीवर कुणी नव्हतं. दार नुसतं वाऱ्यानं आपटत होतं. आजी ओट्यावर सुपाऱ्या सोलत बसली होती. लेकीला बघून तिनं सुपारीची आडकी खाली ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला तो हा : ‘‘परवाणगी घेवन आयलें गो?’’

देश दीड दिवसात मुक्त होतो. माणसाच्या मनातली चौकी उठायला वेळ लागतो.

*

आता माझीच एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला आवडत नाही, म्हणूनच सांगितली पाहिजे.

मी बँकेत १९८१ साली कारकून म्हणून लागलो. पुढे ऑफिसर झालो आणि १९८८ साली माझी बदली आमच्याच भागातल्या, सीमेजवळच्या एका ग्रामीण शाखेत झाली. १९८९ च्या एप्रिलपासून रिझर्व्ह बँकेनं ‘सेवाक्षेत्र’ योजना आणली. प्रत्येक ग्रामीण शाखेला पंधरा-पंचवीस गावं वाटून द्यायची आणि त्या शाखेनं त्या गावांना कर्जपुरवठा करायचा. कल्पना चांगली होती. कुठलंही गाव बँकेविना राहू नये, हा तिचा हेतू. आम्ही नकाशा आणला, त्यावर लाल पेन्सिलीनं आमच्या गावांभोवती रेघ मारली आणि तो साहेबांच्या खुर्चीमागे टांगला.

त्याच पावसाळ्याआधी एक शेतकरी आला. पन्नाशीचा, डोक्याला पंचा, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. काजूची लागवड वाढवायची होती, विहिरीला पंप बसवायचा होता. बाग दाखवायला घेऊन गेला. उतारावरची सुरेख बाग, अर्धी झाडं धरती झालेली. पण तिच्या मधून राज्याची हद्द जात होती. विहीर आमच्या बाजूला, झाडं बहुतेक पलीकडे. इकडच्या तुकड्याचा सातबारा होता. तिकडच्याचा गोव्याचा एक-चौदाचा उतारा, आणि त्याच्याही मागे पोर्तुगीज भाषेतला एक जुना कागद, ज्यातलं एक अक्षर मला कळत नव्हतं.

इकडचा तुकडा तारणाला पुरत नव्हता. तिकडचा आमच्या सेवाक्षेत्रात नव्हता, तो परराज्यातला. तिकडच्या शाखेत जा, असं मी सांगितलं. तिथे त्याला म्हणाले होते, विहीर महाराष्ट्रात आहे, तिकडच्या शाखेत जा. तो तीनदा आला. शेवटच्या खेपेला उठताना म्हणाला, ‘‘झाडाक हद्द म्हायत नसता, सायबानू.’’ मी म्हणालो, ‘‘मला माहीत असावी लागते.’’ हे उत्तर मला त्या वेळी फार चपखल वाटलं होतं. शाखेत दोघा-तिघांनी त्याला दादही दिली.

रात्री घरी जेवताना मी ते आईला सांगितलं, जरा ऐटीतच. ती वाढता वाढता थांबली. म्हणाली, ‘‘तुका कागद दिसलो, माणूस दिसाक नाय.’’ आणि आत निघून गेली.

नियमाप्रमाणे माझं चुकलं नव्हतं. वरिष्ठांकडे एक टिपण पाठवून, दोन्ही शाखांचा मेळ घालून ते कर्ज देता आलं असतं का? आज वाटतं, आलं असतं. निदान टिपण तरी पाठवता आलं असतं. मी ते लिहिलं नाही, कारण नाही म्हणणं सोपं होतं आणि भिंतीवरचा नकाशा माझ्या बाजूनं बोलत होता. दोन वर्षांनी माझी बदली झाली तेव्हा कळलं, त्यानं बाग विकली आणि मुलगा मुंबईला गेला. कदाचित याच दिव्यात कुठल्यातरी चाळीत तो राहत असेल. सकाळच्या गर्दीत कुणाच्या तोंडून आमच्याकडचा हेल कानावर पडला, तर मी अजून मान वळवून बघतो.

*

आई २०११ साली गेली. त्याच वर्षी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं पश्चिम घाटाविषयीचा आपला अहवाल केंद्र सरकारला दिला. सबंध डोंगररांग हे एक अखंड जिवंत अंग आहे, राज्यांच्या हद्दींनी तिचे तुकडे पाडून विचार करता येणार नाही, हे त्या अहवालाचं सूत्र. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या निवडक जागांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. कागदावर डोंगर एक झाला. जमिनीवर मात्र तो अजूनही सहा राज्यांत वाटलेला आहे.

वाघांचं बघा. म्हादई अभयारण्य गोव्यानं १९९९ साली जाहीर केलं, दोनशे आठ चौरस किलोमीटरचं. त्याला लागून कर्नाटकात भीमगड, वर महाराष्ट्रात तिळारी आणि दोडामार्गचं रान. २०२० साली आपल्या सरकारनं तिळारीचं सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र संवर्धनासाठी राखीव केलं. वाघ या सगळ्यातून फिरतो. त्याचं सेवाक्षेत्र कुणी आखून दिलेलं नाही. त्याच २०२० च्या जानेवारीत सत्तरीच्या रानात चार वाघ मेलेले सापडले. विषप्रयोग झाला होता. गुरं मारली गेलेल्या माणसांचा राग त्यामागे होता, आणि ज्याचं दुभतं जनावर जातं त्याचा राग शहरात बसून समजत नाही. २०२३ साली उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं तिथे व्याघ्र प्रकल्प जाहीर करण्याचा आदेश दिला आणि गोवा सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. हत्तींचंही तेच. २००२ च्या सुमारास ते कर्नाटकातून दोडामार्गात उतरले. तिथल्या केळीच्या आणि माडाच्या बागांचं त्यांनी काय केलं, ते तिथल्या माणसांना विचारावं. हत्ती एका राज्यातून हाकलला की दुसऱ्या राज्यात जातो आणि मग तो तिकडच्या वनखात्याचा होतो. मला माझ्या शेतकऱ्याची आठवण होते. तिकडच्या शाखेत जा.

पाण्याचं तर विचारूच नका. तिळारीचं धरण महाराष्ट्र आणि गोवा यांनी मिळून बांधलं. धरणाखाली गावं गेली ती दोडामार्गातली, पाण्याचा मोठा वाटा मिळाला तो गोव्याला. तरीही दोन राज्यांनी एकत्र बसून काही केलं, याचं ते एक उदाहरण आहे, हे मान्य करायला हवं. म्हादईसाठी मात्र २०१० साली लवाद नेमावा लागला. त्यानं ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला : कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, महाराष्ट्राला १.३३, गोव्याला २४. तिन्ही राज्यांचं समाधान झालं नाही. आणि आमच्या विर्डीच्या ओहोळावर महाराष्ट्र धरण बांधायला निघाला, त्यावरही गोव्याची हरकत आहे. कारण तेच पाणी पुढे वाळवंटी होतं.

बातमी वाचली तेव्हा मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. विर्डीच्या शेतकऱ्याला उन्हाळ्यात पाणी हवं, हे मला कळतं. मी तिथला आहे. साखळीची नदी आटू नये, हेही कळतं. माझं आजोळ तिकडे आहे. बँकेत असतो तर दोन्ही अर्जांवर मी शेरा मारला असता. आता मात्र वाटतं, या वादात निर्णय घेणाऱ्यांनी आधी त्या ओहोळाच्या उगमापासून साखळीपर्यंत एकदा चालत जावं. एका दिवसाची वाट आहे. दोन्ही गावांतल्या म्हाताऱ्यांशी बोलावं. मग नकाशा उघडावा. क्रम एवढाच बदलायचा आहे.

*

गेल्या माघात मी नातीला घेऊन गावी गेलो. दिव्याहून तीच सकाळची गाडी. दहा वर्षांची मुलगी, खिडकी सोडायला तयार नाही. सावंतवाडीचं स्टेशन गावापासून लांब, तिथून पुढे एसटी, मग रिक्षा. दुसऱ्या दिवशी आम्ही विर्डीहून केरीच्या बाजूला चालत निघालो. निम्मी वाट आता डांबरी झाली आहे. भिरंडीची झाडं तशीच आहेत. पक्क्या रस्त्यांच्या नाक्यांवर आजही गाड्या थांबवतात, पण ते दारूच्या बाटल्या शोधायला. दोन देशांच्या सरहद्दीचा एवढाच अवशेष उरला आहे म्हणायचं.

‘‘आजोबा, बॉर्डर कुठे आहे?’’ तिनं विचारलं. मी तिला सांगितलं होतं ना, त्यामुळे ती काटेरी तार आणि बुरूज शोधत होती. मी इकडेतिकडे पाहिलं. चौकी जिथे होती असं आई सांगायची, तिथे करवंदीची जाळी होती आणि एक म्हैस रवंथ करत बसली होती. मला जागा नक्की दाखवता आली नाही.

ओहोळाला पाणी थोडंच होतं, पण वाहतं होतं. तिनं वाटेत गोळा केलेली कसली कसली रानफुलं एकेक करून त्यात टाकली आणि ती कुठे अडकत नाहीत ना, हे बघत काठाकाठानं पळत राहिली. मी तिला पणजीची गोष्ट सांगितली नव्हती. तिथेही सांगितली नाही. दिव्याला परतल्यावर सांगेन, त्या पश्चिमेच्या खिडकीत बसून.